पागनिसांची घोडी

अनुराधाबाई पागनीस पिक्चर बघतात तेव्हा नटाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. घोट्याकडे बघतात. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो, आवाज पूर्ण मोठा, आणि पडद्यावर काळ्यापांढऱ्या रंगात लांब शेपटीचा कोट घातलेला कुणी परदेशी माणूस बुटांना ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांनी लाकडी फरशी वाजवत असतो. तो उडी मारतो त्या क्षणी बाई बोट टेकवून त्याला हवेतच थांबवतात आणि समोर जो कुणी असेल त्याला विचारतात, आता हा कुठल्या पायावर उतरेल? बहुतेकांचं उत्तर चुकतं. मग त्या बोट उचलतात आणि माणूस खाली येतो.

झाशीत लक्ष्मी गेटजवळ, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या राहतात. वर गच्ची आहे. मुलींच्या एका इंटर कॉलेजात त्यांनी सगळी नोकरी व्यायाम शिकवण्यात घालवली. वय साठीच्या जवळ, बांधा सडपातळ, उंची त्या गल्लीत उठून दिसेल इतकी. लग्न केलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की या लोकांना नाचणारे म्हणून ठेवून दिलं हीच चूक झाली. उंच उडीवाला उडी मारतो आणि गादीवर पडतो. पडताना त्याला हसावं लागत नाही. हा माणूस हॉटेलच्या काउंटरवरून उडी मारतो, लाकडावर उतरतो, उतरताना ताल चुकवत नाही आणि वर लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा प्रसन्न दिसतो. धाप लपवणं हा त्याच्या कामाचाच भाग. ती कुठे लपवली आहे हे बघायचं असेल तर कॉलरच्या वर, मानेच्या शिरेकडे बघावं. त्या काळचे कॅमेरे त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत पूर्ण दाखवायचे आणि मध्ये कापायचे नाहीत. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आताच्या नाचात पाय दिसायच्या आत कॅमेरा भलतीकडे जातो, म्हणून आताचे नाच त्या बघत नाहीत.

सगळ्यांत अवघड गोष्टीला त्यांनी स्वतःच नाव ठेवलं आहे: बिनहाती. नाचणारा दोन्ही पाय दोन दिशांना फेकून सरळ जमिनीवर बसतो आणि हात न टेकता, फक्त मांड्यांच्या जोरावर, पाय कात्रीसारखे मिटवत उभा राहतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही. कुठलाही कोच हे पाहून खुर्चीत नीट बसेल, असं त्या म्हणतात.

हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते विशी ओलांडताना. शेजारी भाड्यानं राहणाऱ्या सुभेदारांकडे व्हीसीआर होता. सदर बाजारातून कॅसेटी यायच्या. त्यांत एकदा लेबल निघून गेलेली एक आली आणि तिच्यात हे लोक निघाले. सुभेदारांच्या घरचे अर्ध्या तासात उठून गेले. अनुराधा बसून राहिली. पुढचं वर्षभर ती दुपारी गच्चीवर हेच करत होती. सदर बाजारात फौजी बूट दुरुस्त करणाऱ्या मोच्याकडून तिनं आपल्या काळ्या बुटांना पुढेमागे नाल ठोकून घेतले. मोच्यानं विचारलं, भर्ती हो गई क्या बिटिया? ती हो म्हणाली.

आता पागनीस या आडनावाविषयी. पागनीस म्हणजे पागेवरचे, घोड्यांच्या तबेल्याची व्यवस्था बघणारे. घराणं फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलं आणि इथंच राहिलं. घोडे गेले, जमीन गेली, अनुराधाचे वडील वीज खात्यात बिलं फाडत होते. आडनाव तेवढं शाबूत होतं.

झाशीतलं मराठी मंडळ लहान. गणेशोत्सवात एक संध्याकाळ घरच्या कलाकारांची असते आणि तिचं निवेदन दामोदर मुजुमदार करतात. आजही करतात, तेव्हाही करत. त्या वेळी बँकेत नवे अधिकारी झालेले, गोरेपान, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. माइक हातात आला की प्रत्येकाच्या नावावर त्यांच्याकडे एक कोटी तयार असे आणि लोक कोटीसाठीच येत.

त्या संध्याकाळी अनुराधा नालाचे बूट घालून स्टेजवर गेली. स्टेज लाकडाचं होतं, आवाज छान घुमला. शेवटी तिनं बिनहाती घेतली. जमिनीवर बसली, हात न टेकता उठली, उभी राहिली. टाळ्या पडायला जो क्षण जातो, तो गेला नव्हता. त्या क्षणात मुजुमदार माइकवर म्हणाले:

"पागनिसांची पागा बुडाली, पण घोडी बाकी आहे."

लग्नाला आलेल्या, उंच मुलीला मराठी घरात चिडून काय म्हणतात हे त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. हॉल हसला. अनुराधाचे वडीलही हसले, कारण शेजारचे हसत होते. तिसऱ्या रांगेत तिला बघायला ग्वाल्हेरहून आलेली मंडळी होती, त्यांनी पुढे काही कळवलं नाही. लक्ष्मी गेटची पोरं ती रस्त्यानं निघाली की जीभ टाळ्याला लावून टक-टक करू लागली. ते दोनेक वर्षं चाललं. ग्वाल्हेरच्या स्थळाचं तिला काही वाटलं नाही. ती वर्षभर ज्यासाठी मांड्या सोलून घेत होती ते कुणी पाहिलंच नाही, याचं वाटलं. हसणारा माणूस बघत नसतो.

बूट ट्रंकेत गेले. राग बाहेर राहिला.

अनुराधाबाईंनी मंडळ सोडलं नाही. दर वर्षी त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत, माइकच्या बरोबर समोर बसल्या. मुजुमदारांच्या एकाही कोटीवर हसल्या नाहीत, टाळी वाजवली नाही. आरतीनंतर ते प्रसाद वाटत तेव्हा त्या दुसऱ्या रांगेत सरकत. मुजुमदारांच्या समोरच्या दातांना कवळी बसली आणि बोलताना ती वाजू लागली, तेव्हा घरी येऊन त्यांनी शिरा केला होता. हे त्या स्वतः सांगतात, सहज, कालची भाजी सांगावी तसं.

सगळ्यात मोठा अपमान त्यांना नंतर कळला. मुजुमदार ते विसरून गेले होते. रस्त्यात भेटले की "काय अनू, ठीक ना?" म्हणत, पुढे जात. त्यांना काहीच आठवत नव्हतं. ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याला गुन्हाच ठाऊक नसेल तर सूड फुकट जातो. म्हणून आधी त्याला आठवण करून द्यायला हवी होती, आणि तीही माइकवर. अनुराधाबाई थांबल्या. वाट बघणं हे व्यायामाच्या शिक्षकांना जमतं.

मग गेल्या वर्षी उर्वी आली.

उर्वी ही मुजुमदारांची नात. इलाइट चौराह्याच्या मागे त्यांचं घर आहे. कॉलेजात शिकते, घरातलं मराठी तिला सगळं समजतं, पण तोंडातून निम्मी हिंदीच निघते. मोबाइलवर कुठेतरी तिनं याच जुन्या नाचाचा एक तुकडा पाहिला आणि झाशीत हे शिकवणारं कुणी आहे का म्हणून विचारत फिरली. इंटर कॉलेजातल्या एका जुन्या शिपाईणबाईनं तिला भांड्यांच्या दुकानावरचा जिना दाखवला.

"मौसी, ये बिना हाथ लगाए कैसे उठते हैं?" तिनं दारातच विचारलं. "मला शिकवाल?"

अनुराधाबाईंनी आधी आडनाव विचारलं. ऐकून आत गेल्या, पाणी आणलं, आणि मग हो म्हणाल्या.

शिकवणं मात्र त्यांनी खरं शिकवलं. सूडासाठी शिकवायचं म्हणजे कच्चं शिकवून चालत नाही, पोरगी पडली तर हसं तिचं होईल, आजोबांचं नाही. गच्चीवर प्लायवूडची फळी टाकली. आधी नुसता घोटा. मग पोटऱ्या. मग जिन्याच्या पायऱ्यांवर चवड्यानं चढणं. उर्वी कुरकुरली की बाई तांब्याला मोबाइल टेकवून तो काउंटरवरून उडी मारणारा दाखवत आणि म्हणत, याला विचार दुखतं का. हळूहळू पोरगी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघू लागली. एकदा तिनं स्वतःच बोट टेकवून त्याला हवेत थांबवलं आणि म्हणाली, "डाव्या." तो डाव्यावरच उतरला. बाईंना आनंद झाला. तो त्यांनी दाखवला नाही.

ट्रंकेतले बूट उर्वीला बरोबर झाले. नाल गंजले होते, ते घासून घेतले.

गणेशोत्सव जवळ आला तसा प्रश्न निघाला, या नाचाला नाव काय द्यायचं? अनुराधाबाई कपडे वाळत घालत होत्या. पाठ न वळवता त्या एवढंच म्हणाल्या, की आमच्या वेळी लोक याला घोडी म्हणायचे.

आता ही गोष्ट बुंदेलखंडात राहणाऱ्या मराठी माणसालाच नीट कळेल. उर्वीच्या कानात घोडी हा शब्द मराठी घरातून आलाच नव्हता. तो वरातीतून आला होता. इकडच्या लग्नांत शिकवलेली घोडी आणतात, पाठीवर आरसे, पायांत घुंगरू. ढोल वाजतो, मधोमध खाट ठेवतात, घोडी खाटेवर चढून नाचते आणि सगळं गाव तिला बघायला धावतं. शिवाय झाशीत चौकाचौकात पुतळ्याखाली घोडं उभं आहे. इथे त्या शब्दाला कोण नाक मुरडणार? उर्वीला तो फार आवडला. टापांचा आवाज, लाकूड, सगळं जुळत होतं. त्याच दिवशी तिनं मंडळाच्या पोरांना नाव कळवलं, आणि नाव आजोबाच घेणार हेही. तिच्या बारशापासून प्रत्येक वेळी माइकवर तिचं नाव आजोबांनीच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो दुकानासमोर थांबला आणि दामोदर मुजुमदार काठी टेकत जिना चढून आले. पस्तीसेक वर्षांत ते या घरी पहिल्यांदाच येत होते. त्यांना आठवलं होतं. चेहऱ्यावरून दिसतच होतं.

त्यांनी इकडचंतिकडचं काढलं. भांड्याचं दुकान कसं चालतं, गच्चीला गळती आहे का. अनुराधाबाई एका शब्दात उत्तरं देत राहिल्या. शेवटी ते म्हणाले, "अनू, ते नाव बदलायला सांग तिला."

"मी नाही दिलं. तिनं दिलं."

"तिला कुठून सुचणार?"

"मग तुम्ही सांगा. आजोबा आहात. घोडी कुणाला म्हणतात ते समजावून सांगा, बदलेल ती."

मुजुमदारांची कवळी थोडी वाजली. ते म्हणाले, लोक त्या वेळी हसले आणि विसरले, एवढ्या वर्षांनी कुणाला काय आठवतंय.

"कुणाला आठवत नसेल तर भीती कसली, काका?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "माफी मागतो. चुकलं माझं."

"इथे?" अनुराधाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. ओट्यावर भाजी होती, खुंटीवर पिशवी. "इथे कोण ऐकतंय? तुम्ही माइकवर बोलला होतात."

मुजुमदारांनी दुसऱ्या कुणाला निवेदन द्यायचं म्हणून पाहिलं. पण उर्वी हट्टाला पेटली होती आणि कारण विचारत होती. कारण सांगायचं म्हणजे, नातीच्या वयाच्या मुलीला आपण भर सभेत काय म्हणालो होतो ते नातीला सांगायचं. ते त्यांच्यानं झालं नाही.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. बबीन्याच्या छावणीतून फौजी कुटुंबं आली होती, सदर बाजारातले दुकानदार होते, आणि पुढच्या दोन रांगांत जुनी मंडळी. अनुराधाबाई आपल्या खुर्चीवर होत्या. नवी साडी नेसल्या होत्या.

मुजुमदार माइकजवळ गेले. म्हातारा हुशार होता, त्यानं पळवाट शोधली होती. त्यांनी हिंदी सुरू केली. हल्ली पोरांसाठी ते अधूनमधून करतात, कुणाला खटकलं नाही. देवियों और सज्जनों, हमारी बुंदेली बारातों की नाचती हुई घोड़ी से प्रेरित होकर, असं ते झरझर म्हणत गेले. त्या वाक्यात तो शब्द दिसेनासा झाला होता. वरातीतली घोडी, खाट, ढोल. कुणाचा अपमान नाही, कुणाची आठवण नाही. पुढची ओळ नातीच्या नावाची होती.

"मराठीत सांगा, काका."

अनुराधाबाई मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. कवायतीच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज त्यांना मोठ्यानं काढावा लागत नाही.

हॉलमधल्या पोरांना वाटलं, मौसी मराठीचा आग्रह धरताहेत. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या, हां हां, मराठी में! पुढच्या दोन रांगांतली माणसं मात्र बाईंकडे बघू लागली. एका म्हातारीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दुसरीनं तोंडावर पदर घेतला. त्यांना आठवत होतं. त्या कधीच विसरल्या नव्हत्या.

मुजुमदारांनी माइक दोन्ही हातांनी धरला. बाजूच्या पडद्याआड नात बूट घालून उभी होती, हसत होती, आजोबांनी नाव घेण्याची वाट बघत होती.

"सादर करीत आहे," ते म्हणाले, "उर्वी मुजुमदार." आणि मग थांबून, "घोडी."

मागच्या कुठल्याशा खुर्चीवरून जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला. टक-टक. कुणीतरी पन्नाशी उलटलेला माणूस असणार. दुसरं कुणी हसलं नाही. मुजुमदार स्टेजच्या कडेच्या आपल्या खुर्चीकडे गेले आणि काठी शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

उर्वी नाचली. लाकूड घुमलं. अनुराधाबाईंना तिचे पाय ऐकू येत होते, कुठे टाच, कुठे चवडा, सगळं बरोबर. पण त्यांनी मान वळवली नाही. इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासाठी त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या तो चेहरा आता समोर होता आणि त्यावरचं काहीही त्यांना सोडायचं नव्हतं. खालचा ओठ, गालाखाली हललेली कवळी, डोळे कुठे ठेवावेत हे न कळणं. त्यांनी ते सावकाश, शेवटपर्यंत पाहिलं. मध्येच सगळा हॉल एकदम उठून टाळ्या वाजवू लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बिनहाती झाली.

व्हिडिओ त्यांनी नंतर मागवला. उर्वीच्या मामानं काढला होता. पोरगी कमरेपासून वर दिसते. ती खाली जाते, पडद्यावर काही क्षण मागचा रंगीत पडदा दिसतो, आणि ती परत वर येते. पाय कुठेच नाहीत.

आठवड्यानं उर्वी आली. घरात बोलणं झालं होतं. आजीनं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं बूट पिशवीतून काढून फळीवर ठेवले.

"मौसी, तुम्ही माझ्या नाचाचं नाव वापरून बदला घेतलात ना?"

"हो," अनुराधाबाई म्हणाल्या.

"आजोबा आठ दिवस बाहेर पडले नाहीत."

"बरं झालं."

मग उर्वी म्हणाली, की ती कॉलेजच्या युवा महोत्सवात हेच करणार आहे, लखनौला, आणि नाव हेच राहील. घोडी. ते तिला आवडतं. "अब ये मेरा है. ना उनका, ना आपका."

अनुराधाबाईंना हे पसंत पडलं नाही. तो शब्द त्यांनी इतकी वर्षं जपून, धार लावून ठेवला होता आणि ही पोरगी तो लखनौला मिरवायला नेत होती. त्यांनी फळी पायानं सरळ केली आणि म्हणाल्या, "घाल बूट. बिनहाती दाखव एकदा. व्हिडिओत पाय आले नाहीत."

"व्हिडिओत नाही आले," उर्वी म्हणाली. "पर आप तो सामने बैठी थीं."

बाई फळीवरची धूळ हातानं झाडू लागल्या.

"मी वर आले ना, तेव्हा पहिलं तुमच्याकडेच बघितलं. तुम्ही आजोबांकडे बघत होतात." तिनं बूट उचलून पुन्हा पिशवीत घातले. "आता नाही दाखवणार."

ती शिकायला येते अजून. घोटा, पोटऱ्या, पायऱ्या, नवीन उड्या, सगळं करते, सांगितलेलं ऐकते, मौसी म्हणते. बिनहातीची वेळ आली की थांबते, नाल पुसते आणि जिना उतरून घरी जाऊन तिचा सराव करते. अनुराधाबाई तेव्हा तांब्याला मोबाइल टेकवून त्या शेपटीच्या कोटवाल्याला लावतात आणि त्याच्या पायांकडे बघत बसतात. मुजुमदारांविषयी विचारलं तर अजूनही सांगतात, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन.